विश्लेषण : खडकात अडकलेले तेल नॅनोकण बाहेर काढतील?

दिग्रस परिसरात नांगरणी, मळणी आणि बाजार समितीपर्यंतची वाहतूक आता डिझेलवरच चालते. हे डिझेल ज्या कच्च्या तेलापासून बनते, त्यातले दर १०० लिटरमागे जवळपास ८८ लिटर परदेशातून येते. त्याच वेळी देशाच्या जुन्या तेलक्षेत्रांत, विशेषतः मुंबईजवळच्या समुद्रातील ‘मुंबई हाय’मध्ये, सापडलेल्या तेलाचा मोठा हिस्सा अजून खडकातच आहे. तो बाहेर काढण्यासाठी अतिसूक्ष्म कण मिसळलेले पाणी, म्हणजे ‘नॅनोफ्लुइड’, वापरण्यावर जगभर संशोधन सुरू आहे. हे तंत्र नेमके काय आहे, ते कुठपर्यंत आले आणि अडले कुठे, याविषयी…

जमिनीखाली तेलाचे तळे असते का?

नाही. जमिनीखाली तेलाचा मोठा डोह असतो आणि पाइप टाकला की तो उपसता येतो, हा समज चुकीचा आहे. विहिरीचे पाणी जसे मुरमाच्या फटींत आणि खडकाच्या भेगांत साठलेले असते, तसेच तेल खडकाच्या बारीक छिद्रांत असते. फरक इतकाच, की तेलाच्या खडकातली छिद्रे फार लहान असतात. दोन छिद्रांना जोडणारी वाट अनेकदा एका मायक्रोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. डोळ्यांना असा खडक भरीव दगडासारखाच दिसतो.

असे तेल प्रामुख्याने गाळाच्या खडकांत, म्हणजे वालुकाश्म आणि चुनखडकात सापडते. प्राचीन समुद्रातील सूक्ष्मजीवांचे अवशेष गाळाखाली गाडले गेले, कोट्यवधी वर्षे उष्णता आणि दाब सोसत राहिले आणि त्यांचे तेल झाले.

दिग्रसच्या जमिनीखाली मात्र बेसॉल्टचे थर आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हा पसरला आणि त्यातून हा काळा पाषाण तयार झाला. लाव्हाच्या या थरांत तेल तयार होण्याजोगे अवशेष नसतात. विशेष म्हणजे हाच दख्खनचा काळा पाषाण पश्चिमेकडे अरबी समुद्राच्या तळाखालीही गेला आहे. मुंबई हायच्या तेलक्षेत्राचा पाया काही ठिकाणी याच पाषाणाचा आहे. त्याच्यावर नंतरच्या काळात समुद्रात चुनखडकाचे थर साचले आणि तेल त्या थरांत जमा झाले.

मुंबई हायची आज स्थिती काय?

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या जहाजाने फेब्रुवारी १९७४ मध्ये येथे तेल शोधले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. ऐंशीच्या दशकात हे क्षेत्र ऐन भरात असताना येथून रोज सुमारे पावणेपाच लाख बॅरल तेल निघत होते. आता हे प्रमाण सव्वा लाख बॅरलच्या आसपास आले आहे.

ही घसरण थोपवण्यासाठी ओएनजीसीने जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या ‘बीपी’ कंपनीची तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड केली. दहा वर्षांच्या कराराच्या काळात तेल आणि वायूचे एकत्रित उत्पादन अपेक्षित पातळीपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असे त्या वेळी सांगण्यात आले. त्यासाठी विहिरींचे आणि साठ्याचे व्यवस्थापन सुधारण्यावर भर आहे. हा करार नॅनोफ्लुइडसाठी नाही. जुन्या क्षेत्रातून आणखी तेल कसे काढायचे, हा प्रश्न मात्र त्यामुळे पुन्हा चर्चेत आला आहे.

अर्धेअधिक तेल खडकातच का राहते?

सुरुवातीला साठ्यातला दाबच तेल वर ढकलतो. काही वर्षांत हा दाब उतरतो. मग बाजूच्या विहिरींतून पाणी सोडून तेल पुढे ढकलले जाते. मुंबई हायमध्ये यासाठी समुद्राचेच पाणी प्रक्रिया करून वापरले जाते. एवढे केल्यावरही जगभरातल्या तेलक्षेत्रांतून सरासरी एक तृतीयांशाच्या आसपासच तेल हाती लागते. उरलेले अडकते, आणि त्याची दोन मुख्य कारणे आहेत.

पहिले कारण पाण्याच्या स्वभावात आहे. शेतात पाट फोडला की पाणी सोप्या सरीतून पळत सुटते आणि बाजूच्या सऱ्या कोरड्याच राहतात. जमिनीखालीही तेच होते. मुंबई हायचा चुनखडक अनेक थरांचा आहे. काही थरांतून पाणी सहज वाहते, तर काहींतून मुश्किलीने. पाणी मोकळ्या थरांतून थेट उत्पादन विहिरीत पोहोचते आणि अवघड थरांतले तेल मागे राहते.

दुसरे कारण छिद्राच्या आत आहे. ज्या वाटेने पाणी गेले, तिथेही तेल खडकाला चिकटून किंवा थेंबाच्या रूपात अरुंद तोंडाशी अडकून राहते. घाण्यातून सरकीचे तेल काढल्यावर ढेपेत थोडे तेल उरतेच आणि कितीही दाब दिला तरी ते पूर्ण निघत नाही. ते काढायला तेलगिरण्या हेक्झेनसारखे द्रावण वापरतात. खडकातल्या तेलाचेही असेच आहे. नुसता जोर लावून भागत नाही, खडक, तेल आणि पाणी यांच्यातले नाते बदलावे लागते. नॅनोफ्लुइडचा दावा या दुसऱ्या कारणावरच्या उपायाचा आहे.

नॅनोफ्लुइड म्हणजे काय?

एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाचा केस सुमारे ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. नॅनोकण १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे असतात. त्यामुळे खडकातल्या ज्या वाटेत वाळूचा बारीकसा कणही शिरणार नाही, तिथून ते सहज जाऊ शकतात.

तेलासाठी सर्वाधिक अभ्यास झाला तो सिलिकाच्या, म्हणजे वाळूचाच मुख्य घटक असलेल्या पदार्थाच्या नॅनोकणांचा. ॲल्युमिनियम, टायटॅनियम आणि लोह यांच्या ऑक्साइडचे कणही तपासले गेले आहेत. हे कण पाण्यात मिसळले जातात. प्रमाण अगदी कमी असते. बहुतेक प्रयोगांत ते वजनाने अर्ध्या टक्क्याच्या आतच असते. तयार झालेले हे पाणी म्हणजे नॅनोफ्लुइड.

‘नॅनो’ हा शब्द शेतकऱ्यांना नवा नाही. २०२१ पासून नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली कृषी केंद्रांत मिळते. तिच्या परिणामाबाबत शास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत. तेलासाठीच्या नॅनोकणांचे काम अगदी वेगळे आहे, पण एक गोष्ट दोन्हींना लागू पडते. कण लहान आहे एवढ्यावरून त्याचा उपयोग सिद्ध होत नाही. तो शेतात किंवा साठ्यात दिसावा लागतो.

नॅनोकण तेल कसे सोडवतात?

अळूच्या पानावर पाणी पसरत नाही, गोल थेंब होऊन घरंगळते. कांद्याच्या पातीवरही तसेच. म्हणून फवारणीच्या पंपात औषधाबरोबर ‘स्टिकर’ टाकतात. त्यामुळे थेंब पानावर चापट पसरतो. पान तेच, पाणी तेच, पण पृष्ठभागाशी त्याचे वागणे बदलते. नॅनोफ्लुइडचे पहिले काम असेच आहे.

चुनखडकाच्या अनेक साठ्यांत छिद्राच्या भिंतीला पाण्यापेक्षा तेलाची ओढ अधिक असते. तेल भिंतीला धरून बसते आणि पाणी मधूनच निघून जाते. नॅनोकण भिंतीवर बसले की तिची ही ओढ पाण्याकडे झुकू लागते. मग पाणी भिंतीलगत शिरते आणि तेल सुटते. तेलतंत्रज्ञ याला ‘वेटेबिलिटी’ बदलणे म्हणतात.

दुसरे काम पाचरीसारखे आहे. जिथे तेल, पाणी आणि खडक एकत्र भेटतात, तिथे पाण्याचा अतिशय पातळ कोपरा तयार होतो. नॅनोकण या कोपऱ्यात शिस्तीत थर लावतात आणि तिथला दाब वाढतो. लाकडात पाचर ठोकल्यावर ते जसे उलते, तसा तेलाचा पापुद्रा खडकापासून सुटत जातो. शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील दर्श वासन आणि अ‍ॅलेक्स निकोलोव्ह यांनी २००३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत ही क्रिया मांडली. नंतरच्या बऱ्याच संशोधनाने तिचा आधार घेतला.

तिसरे काम तेल आणि पाणी यांच्या सीमेवरचा ताण कमी करण्याचे. हा ताण जितका कमी, तितका तेलाचा थेंब अरुंद तोंडातून वाकून, लांबट होऊन बाहेर पडणे सोपे. एकट्या सिलिका कणांचा यात फारसा प्रभाव नसतो. साबणासारख्या रसायनांसोबत, म्हणजे सरफॅक्टंटसोबत वापरल्यास परिणाम अधिक दिसतो. पॉलिमरसोबत वापरल्यास पाणी थोडे दाट होते आणि सोप्या वाटेने पळण्याऐवजी तेलाला एकसारखे ढकलते.

प्रयोगशाळेत काय दिसले?

अशा प्रयोगांत साठ्यातून किंवा खाणीतून आणलेला खडकाचा बोटभर जाडीचा दंडगोल तुकडा घेतात. त्यात आधी मिठाचे पाणी आणि मग तेल भरतात. नंतर पाणी सोडून जेवढे तेल निघेल तेवढे काढतात. तेल येणे थांबले की नॅनोफ्लुइड सोडतात आणि आणखी किती तेल निघाले ते मोजतात.

अशा अनेक चाचण्यांत जादा तेल मिळाले आहे. कुठे तुकड्यातील मूळ तेलाच्या काही टक्के, तर कुठे दहा-पंधरा टक्के. खडक, तेल, पाण्याची क्षारता, तापमान आणि कणांचा प्रकार बदलला की आकडाही बदलतो. काही चाचण्यांत कणांचे प्रमाण वाढवल्यावर फायदा वाढण्याऐवजी छिद्रे तुंबली. म्हणजे परिणाम खरा आहे, पण तो प्रत्येक खडकात सारखा मिळत नाही.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण मीठ आणि उष्णता. नॅनोकण एकमेकांपासून दूर राहतात ते त्यांच्या पृष्ठभागावरच्या सारख्या विद्युतभारामुळे. गोड्या पाण्यात हे जमते. समुद्राच्या पाण्यात मात्र दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हा भार झाकून टाकतात. मग कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. ज्यांनी वाट मोकळी करायची, तेच वाट अडवून बसतात. मुंबई हायच्या मुख्य साठ्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर आहे. उष्णतेने गुठळ्या होण्याचा वेग आणखी वाढतो. कणांवर खास रसायनांचे आवरण चढवून हे टाळता येते, पण त्याने खर्च वाढतो.

दुसरी अडचण म्हणजे कण वाटेतच संपतात. प्रयोगशाळेतला तुकडा वीतभराहून लहान असतो. प्रत्यक्षात पाणी सोडणारी विहीर आणि तेल काढणारी विहीर यांच्यात शेकडो मीटरचे अंतर असते. भिंतीवर बसणे हेच कणांचे काम असल्यामुळे ते पहिल्या काही मीटरमध्येच खडकाला चिकटून संपू शकतात. सिलिकाच्या कणांवर ऋण भार असतो आणि चुनखडकाच्या पृष्ठभागावर बहुधा धन भार. त्यामुळे चुनखडकात ही गळती अधिक होते. मुंबई हायसारख्या क्षेत्रासाठी हा मुद्दा कळीचा आहे.

तिसरी अडचण प्रमाणाची. समजा, एखाद्या क्षेत्रात रोज एक लाख बॅरल पाणी सोडले जाते. एका बॅरलमध्ये सुमारे १५९ लिटर असतात. म्हणजे रोजचे पाणी जवळपास १६ हजार टन झाले. त्यात केवळ ०.१ टक्का नॅनोकण घालायचे म्हटले, तरी रोज १६ टन कण लागतील. वर्षाचे हे ५,८०० टनांहून अधिक होतात. एवढा माल सारख्या दर्जाचा बनवायचा, जहाजाने भर समुद्रातल्या फलाटावर न्यायचा आणि गुठळी न होता पाण्यात मिसळायचा. प्रयोगशाळेत चिमूटभर लागणारी गोष्ट क्षेत्रावर कारखान्याच्या आकाराची होते.

चौथी अडचण आधी सांगितलेल्या सऱ्यांची. पाणी अवघड थरांत जातच नसेल, तर त्यातले नॅनोकणही तिथे पोहोचणार नाहीत. उघड्या सरीतून आणखी भारी पाणी सोडून कोरडी सरी भिजत नाही.

प्रत्यक्ष तेलक्षेत्रात वापर झाला आहे का?

झाला आहे, पण संपूर्ण साठा धुऊन काढण्यासाठी नव्हे. कोलंबियात राष्ट्रीय तेल कंपनी आणि विद्यापीठातील संशोधकांनी कुपियागुआ, कास्तिया आणि चिचिमेने या क्षेत्रांतल्या विहिरींत नॅनोफ्लुइड सोडले. तेलातले डांबरासारखे जड पदार्थ विहिरीच्या तोंडाजवळ साचून वाट बंद करतात. नॅनोकणांनी हे पदार्थ शोषून घेणे आणि खडकाची ओढ बदलणे, असा त्या प्रयोगांचा हेतू होता. उपचार केलेल्या विहिरींचे उत्पादन वाढल्याची नोंद झाली.

सौदी अरेबियात अरामको कंपनीने ‘ए-डॉट्स’ नावाचे कार्बनचे नॅनोकण घावर या जगप्रसिद्ध क्षेत्राच्या चुनखडकात सोडले आणि पुन्हा वर काढले. खारट आणि गरम साठ्यात नॅनोकण गुठळी न होता टिकू शकतात, हे त्यातून दिसले. तिथे उद्देश तेल सोडवण्याचा नव्हता, साठ्याची माहिती मिळवण्याच्या दिशेने टाकलेले ते पाऊल होते.

या दोन्ही प्रयोगांत एक साम्य आहे. दोन्हींत काम एका विहिरीपुरते आणि तिच्या आसपासचे होते. कण थोडे लागतात, अंतर कमी असते आणि परिणाम काही आठवड्यांत मोजता येतो. त्यामुळे नॅनोफ्लुइडचा व्यावहारिक उपयोग आधी विहिरींच्या ‘उपचारा’त दिसण्याची शक्यता अधिक आहे. संपूर्ण साठ्यासाठी तो त्यानंतरच विचारात येऊ शकेल.

भारतात कोणते प्रयत्न सुरू आहेत?

अडकलेले तेल काढण्याच्या इतर पद्धती भारतात आधीपासून वापरात आहेत. गुजरातमध्ये मेहसाणाजवळच्या बालोल आणि संथाल क्षेत्रांत दाट तेलाचा काही भाग जमिनीखालीच जाळून उष्णतेने बाकीचे तेल पातळ केले जाते. राजस्थानातील बाडमेरच्या ‘मंगला’ क्षेत्रात पाण्यात पॉलिमर मिसळून ते दाट केले जाते. जगातल्या मोठ्या पॉलिमर प्रकल्पांत त्याची गणना होते. गुजरातच्या गंधार क्षेत्रात कोयली रिफायनरीतला कार्बन डायऑक्साइड सोडण्यासाठी ओएनजीसी आणि इंडियन ऑइलने २०१९ मध्ये करार केला.

नॅनोफ्लुइडवर देशात आयआयटी मद्रास, धनबादची आयआयटी (आयएसएम) आणि उत्तर प्रदेशातील राजीव गांधी पेट्रोलियम तंत्रज्ञान संस्था येथे संशोधन झाले आहे. नॅनोकण, सरफॅक्टंट आणि पॉलिमर एकत्र वापरण्यावर त्यात भर आहे. साठ्यांचा अभ्यास करणारी ओएनजीसीची संस्था अहमदाबादला आहे, तर उत्पादन तंत्रज्ञानावर काम करणारी संस्था पनवेलला. प्रयोगशाळेतले तंत्र विहिरीपर्यंत नेण्याचे काम अशा संस्थांमधून होते.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये जादा तेल काढण्याच्या पद्धतींसाठी स्वतंत्र धोरण आणले. प्रत्येक क्षेत्रात अशा पद्धतींची शक्यता तपासणे आणि त्यातून निघणाऱ्या जादा तेलावर करसवलत देणे, असे त्याचे स्वरूप आहे. नव्या तंत्राची चाचणी खर्चिक असते आणि ती फसूही शकते. तो धोका कंपन्यांनी पत्करावा, हा त्यामागचा हेतू.

पर्यावरणाचे काय?

सिलिका स्वतः विषारी रसायन नाही, वाळूतही तीच असते. पण कोरडी, अतिसूक्ष्म पूड हाताळताना ती श्वासावाटे आत जाण्याचा धोका असतो. म्हणून कारखान्यात आणि फलाटावर ती शक्यतो पाण्यात मिसळलेल्या स्वरूपातच हाताळावी लागते. धातूंच्या ऑक्साइडचे कण जलचरांवर परिणाम करू शकतात. तेलाबरोबर वर येणाऱ्या पाण्यात हे कण असतील, तर ते समुद्रात सोडण्यापूर्वी वेगळे काढावे लागतील. खर्चाच्या हिशेबात हा भागही धरावा लागतो.

यामुळे डिझेल स्वस्त होईल का?

लगेच तर नाहीच. पंपावरचा दर जागतिक बाजारातले कच्च्या तेलाचे भाव, डॉलरचा दर आणि केंद्र-राज्यांचे कर यांवर ठरतो. देशात थोडे अधिक तेल निघाल्याने तो थेट खाली येत नाही.

लाभ वेगळ्या ठिकाणी आहे. २०२४-२५ मध्ये भारताने सुमारे २४ कोटी टन कच्चे तेल आयात केले आणि त्यासाठी सुमारे १३७ अब्ज डॉलर मोजले. देशात निघाले ते केवळ २.८७ कोटी टन. समजा, एखाद्या मोठ्या क्षेत्रात मुळात १०० कोटी टन तेल आहे. त्यातले एक टक्का जरी जास्त निघाले, तरी ते एक कोटी टन होते. म्हणजे देशाच्या आजच्या वार्षिक उत्पादनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. हे तेल अनेक वर्षांत विभागून मिळेल, पण त्यासाठी नवे क्षेत्र शोधावे लागणार नाही, नवा फलाट उभारावा लागणार नाही. ते आधीच सापडलेले आहे. म्हणूनच एकेका टक्क्यासाठी एवढी धडपड चालते.

नॅनोफ्लुइडने तो टक्का खडकाच्या तुकड्यात मिळवून दाखवला आहे. खारट पाणी, शंभर अंशांची उष्णता आणि शेकडो मीटरचा चुनखडक पार करून तो परवडणाऱ्या खर्चात मिळतो का, हे अजून ठरायचे आहे. एका विहिरीवर, मग विहिरींच्या एका गटावर चाचणी घेऊन काही वर्षे मोजमाप केल्यावरच त्याचे उत्तर मिळेल. तोवर या तंत्राची नोंद ‘आश्वासक, पण अपुरे सिद्ध’ अशीच करावी लागेल.